राळेची पावलं

गणेशोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपले आणि व्हेल्दोनियाचे संबंध बिघडले. त्या क्षणी इल्झा मारोवित आमच्या नाट्यगृहाच्या रंगमंचावर हवेत होती, आणि परवानगी रद्द झाल्यामुळे तिला खाली उतरता आलं नाही.

उडी सुरेख होती. एक पाय पुढे, एक मागे, हात पसरलेले, मान किंचित डावीकडे. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मग जरा वाट पाहून पुन्हा वाजवल्या. तिसऱ्यांदा वाजवायच्या की नाही हे कुणाला ठरवता येईना, तेव्हा भाऊ कानिटकरांनी पडदा टाकला. भाऊ आमचे व्यवस्थापक. या रंगमंचावर त्यांनी खरा घोडाही पाहिलेला आहे, त्यामुळे ते गडबडत नाहीत. त्यांनी विंगेतून वर पाहिलं आणि मला म्हणाले, "शर्वाणी, विचार यांना, अजून किती वेळ?"

व्हेल्दोनियाच्या बॅले पथकासाठी मी दुभाषी होते. इंग्रजी साहित्यात एम. ए. केलेली गावात मीच मोकळी होते, म्हणून उत्सव समितीने मला नेमलं. मी लवकर दचकते हे त्यांना माहीत होतं. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, पाठीमागून मारलेली हाक, काहीही पुरतं. त्या वेळी मी वर पाहिलं आणि इतक्या जोरात किंचाळले की मांडवातली आरती थांबली.

"कृपा करून ओरडू नकोस," इल्झा वरून म्हणाली. "माझी मान हलते."

आम्ही इंग्रजीत बोलायचो. मी मराठीत सांगते आहे.

थोड्याच वेळात फौजदार खराडे आदेश घेऊन आले. आदेशात म्हटलं होतं की व्हेल्दोनियाच्या सर्व कलाकारांनी या देशाची भूमी तत्काळ सोडावी. खराड्यांनी तो वाचून दाखवला, पथकातल्या बाकीच्यांना बसमध्ये बसवलं आणि मग इल्झाच्या खाली येऊन उभे राहिले. टोपी काढून त्यांनी बराच वेळ वर पाहिलं.

"यांनी सोडलेली आहे," ते म्हणाले. "सगळ्यांच्या आधी सोडलीय. यांच्याबद्दल आमची काही तक्रार नाही."

"पण तिला घरी जायचंय," मी म्हणाले.

"जाऊ दे की. फक्त टेकायचं नाही. पाय टेकला की गुन्हा दाखल करावा लागतो."

"मग विमानतळावर कशी जाणार?"

"ते आता कसं सांगू, बाई? हवेचं खातं वेगळं आहे. आमच्याकडं फक्त जमीन."

ते गेल्यावर भाऊंनी एक स्टूल आणलं. पण स्टूल जमिनीवर उभं असतं, त्यामुळे तेही चालण्यासारखं नव्हतं. ते त्यांनी परत नेलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं की इल्झा वर सरकली आहे. आदल्या संध्याकाळी माझा हात तिच्या बुटाला लागत होता, आता लागेना. भाऊंनी दिवे फिरवायची लांब काठी आणली आणि विंगेच्या भिंतीवर खडूने खूण केली. दुपारच्या बातम्यांत व्हेल्दोनियाच्या प्रवक्त्याने आपल्या प्रवक्त्याला असभ्य म्हटलं, आणि ती आमच्यासमोर वीतभर वर गेली. संध्याकाळी कुणीतरी संयमाचं आवाहन केलं, तेव्हा चार बोटं खाली आली.

हे एकदा समजल्यावर कामाला शिस्त आली. मी बातम्या ऐकायची, भाऊ काठी धरायचे. मुंबईहून एका वर्तमानपत्राचा फोन आला, मग दिल्लीहून एका शांत आवाजाच्या गृहस्थांचा. त्यांनी नाव सांगितलं नाही. फक्त विचारलं, "आत्ता कुठे आहेत?"

"झालरीच्या खाली," मी म्हणाले.

"अच्छा. आम्हाला वाटलं त्यापेक्षा वाईट आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

झालर म्हणजे रंगमंचावर आडवी टांगलेली काळी कापडाची पट्टी. तिच्या वर दिवे, दिव्यांच्या वर स्लॅब. इल्झाला वर बघता येत नव्हतं, मान डावीकडे होती ना. पण डोक्याला ऊब लागते आहे असं ती म्हणाली.

नाट्यगृह उत्सवात रोज लागलेलं असतं. त्या संध्याकाळी बँक कर्मचाऱ्यांचं कौटुंबिक नाटक होतं. ते रद्द करायचा प्रश्नच नव्हता, तालमी आषाढापासून चालल्या होत्या. नाटकातल्या थोरल्या मुलाने दुसऱ्या प्रवेशात वर पाहून "आई, हिला कधी उजवायची?" असा पदरचा एक संवाद टाकला आणि टाळी घेतली. पडदा पडल्यावर इल्झाने मला विचारलं, "तो माझ्याकडे बघून काय म्हणाला?"

"तुझी काळजी आहे म्हणाला."

"सभ्य आहे," ती म्हणाली.

आम्ही तिला काठीच्या टोकाला लावून मोदक दिला. तिने तो दातांनी घेतला. तो संपवल्यावर म्हणाली, "शर्वाणी, तुला एक सांगते. आमच्यात उडी मारणं कुणालाही येतं. उतरताना आवाज झाला नाही तरच ती उडी. मी अजून उडी मारलेलीच नाही. नुसती निघालेय."

"उतरशील," मी म्हणाले.

"आणि मला घरी जायचं असेल तर ही उडी संपायला हवी. थांबलेल्या उडीला दिशा नसते. धावायला दहा पावलं जमीन मिळाली तर मी पुढचं बघेन."

*

शालनआत्याचा फोन त्याच वेळी आला. मी दचकले, काठी हातातून सुटली आणि भाऊंच्या पायावर पडली.

शालनआत्याने मला लहानाची मोठी केली आहे. ती आमच्या महिला मंडळाची प्रमुख, आणि सांस्कृतिक देवाणघेवाणीत इल्झाचं पथक जसं इकडे आलं तसं आत्याचं मंगळागौरीचे खेळ करणारं पथक तिकडे गेलं होतं. कराराप्रमाणे दोन्ही कार्यक्रम एकाच क्षणी सुरू झाले होते. बाकीच्या बायका परत निघाल्याचं कळलं होतं, म्हणून मी निर्धास्त होते.

"आत्या, कुठे पोचलीस?"

"पोचतेय कुठली. वर आहे."

"वर म्हणजे?"

"अगं झिम्म्यात उडी मारली आणि राहिले तशीच. त्यांच्या नाटकघरात. माझ्या गुडघ्यांच्या मानाने बरी बसली होती उडी. काल तळहाताएवढी वर होते, आता खाली माणसं मुंग्यांसारखी दिसतात. मला उंचीचं काय होतं तुला ठाऊक आहे ना? मी डोळे मिटूनच आहे."

आत्या घराच्या माळ्यावर कधी चढलेली नाही. डबे काढायला मीच चढायची.

"जेवलीस का?"

"काठीला लावून पाव देतात. मोबाइलही काठीनेच चार्ज करून देतात, माणसं चांगली आहेत. इथे एक मुलगी नेमलीय माझ्यासाठी. तुझ्यासारखीच. मी शिंकले तरी दचकते."

आम्ही दोन्हीकडची उंची ताडून पाहिली. इल्झा झालरीशी होती तेव्हा आत्या तिकडच्या पहिल्या सज्जाशी होती. एक वर गेली की दुसरी जायची. म्हणजे इल्झा स्लॅबला लागेल त्या दिवशी आत्याही छताला लागणार होती. पुढच्या दोन-तीन दिवसांत दोन्ही देश राजदूत परत बोलावतील असं सगळे म्हणत होते. भाऊंनी काठीने अंदाज घेतला. राजदूत म्हणजे दोन हात तरी. वर तेवढी जागा नव्हती.

मी रडायच्या बेतात होते. आत्या म्हणाली, "रडू नको. डोळे मिटून असलं की डोकं चालतं. परवा काय आहे?"

"गौरी येणार."

"गौर घरात कशी येते?"

"पावलांवरून."

"जमिनीवर चालते का ती?"

मी विचार केला. आमच्याकडे दारापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं काढतात आणि मुखवटा हातात घेतलेली सवाशीण त्या पावलांवरून गौर आत आणते. गौर जमिनीवर टेकते असं कुणी म्हणणार नाही.

"तिच्या देशाचं काही मागे राहिलंय का बघ," आत्या म्हणाली. "माती, पीठ, काहीही."

विंगेत एक लाकडी खोका होता. त्यात पिवळसर पूड होती. बुटाचे तळवे घसरू नयेत म्हणून नाचणारे त्यात पाय घोळवून रंगमंचावर जातात.

"ही राळ आहे," इल्झा वरून म्हणाली. "आमच्या गावामागच्या झाडांची. माझा मामा काढतो."

*

खराड्यांनी राळ चिमटीत धरून वास घेतला.

"माल तिकडचा?"

"तिकडचा."

"जप्त झालेला नाही?"

"बसमध्ये सामान चढवताना तुम्हीच म्हणालात, निरुपयोगी आहे, राहू दे."

"हां, म्हणालो होतो." ते खुर्चीत बसले. "आदेशात 'या देशाची भूमी' असं आहे. ही भूमी त्या देशाची. त्यांनी त्यांच्या भूमीवर पाय ठेवला तर माझा काय संबंध? पण एक सांगतो, पाऊल पावलावरच पडलं पाहिजे. बोट बाहेर गेलं तर तेवढ्या बोटापुरता गुन्हा होतो."

प्रश्न उंचीचा होता. खाली चालण्याजोगी भूमी आली की इल्झा आहे तिथून खाली येणार, आणि दिव्यांपासून एका पायावर उतरणं तिलाही जमणारं नव्हतं. बातम्या नरम पडायला हव्या होत्या. गौरींच्या दिवशी सकाळपासून मी रेडिओला कान लावून होते. दुपारी दिल्लीने सांगितलं की चर्चेची दारं उघडी आहेत. इल्झा खाली येऊ लागली. पुरुषभर उंचीवर थांबली. भाऊंनी काठी लावून मान हलवली.

मंडळाच्या गावातच राहिलेल्या बायका ताट-चमचे घेऊन तयारच होत्या. त्यांना मी नीट समजावलं होतं की फक्त दोन पावलं काढायची, बरोबर इल्झाच्या खाली. बाकीची राळ ती धाव घ्यायच्या वेळी लागेल. त्यांनी "हो गं बाई, कळलं" असं म्हटलं होतं. मुठीची कड राळेत बुडवून त्यांनी दोन पावलं उठवली, वर बोटांचे ठिपके दिले. मग ताट वाजलं.

"कोण आली?"

"इल्झा आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"राळेच्या पावलांनी आली."

मी हे भाषांतर करून सांगत होते. अर्ध्यावर थांबले, कारण ती निघाली होती.

मागचा पाय खाली वळला. पुढचा गुडघा हलकेच मुडपला. उजव्या पायाची बोटं डाव्या पावलाच्या... नाही, उजव्याच पावलाच्या बोटांवर आली, मग टाच. मी डोळे उघडे ठेवून वाट पाहत होते आणि काहीच ऐकू आलं नाही. मी दचकले नाही. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, कारण अशा वेळी मी दचकते हे त्यांना पाठ होतं.

खराड्यांनी वाकून बोटं तपासली. "आत आहेत," ते म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. आता मात्र मी दचकले.

"उतरले गं," आत्या म्हणत होती. "आपल्या रांगोळीचा डबा इथेच राहिला होता ना. त्या पोरीने काढली पावलं. कोंबडीची वाटतात, पण चालतील. रडतेय बघ आता. अगं, तू नाही, ती."

मी फोन ठेवून मागे वळले तर विंगेत बायका नव्हत्या. इल्झाच्या पुढे पावलं काढत त्या गेल्या होत्या. गौर आली की तिला सगळं घर दाखवतात, त्यांना थांबवणं कुणालाच शक्य नव्हतं. रंगपटात, कपडेपटात, उपाहारगृहाच्या शेगडीपाशी, तिकीट खिडकीत, सगळीकडे पावलं उठली होती. "इथे काय आहे?" "दूधदुभतं आहे." "इथे काय आहे?" "आनंद आहे." तिकीट खिडकीत काय आहे या प्रश्नाला त्यांनी जरा थांबून "हाऊसफुल्ल आहे" असं उत्तर दिलं होतं. इल्झा पावलावर पाऊल ठेवत मागोमाग जात होती आणि जे दाखवतील ते वाकून बघत होती.

पावलं जिना चढून गच्चीवर गेली. कठड्याशी राळ संपली.

"पुरवून वापरा म्हटलं होतं ना!" मी म्हणाले.

"गच्ची दाखवायला नको? लोक काय म्हणतील?" सगळ्यात थोरल्या बाई म्हणाल्या. "आणि उलटी पावलं आम्ही काढत नसतो. गौरीला जा म्हणायचं का?"

म्हणजे इल्झाला आता पुढेही जाता येईना आणि मागेही. पावलांवर उलटं चालता येईल का असं खराड्यांना विचारलं. त्यांनी विचार करून सांगितलं की टाच बोटांच्या जागी आणि बोटं टाचेच्या जागी गेल्यास ती कुणाच्या भूमीवर आहे हे सांगणं कठीण होईल. इल्झा मात्र गच्चीवरची पावलं मोजत होती. जिन्यापासून कठड्यापर्यंत सरळ रांग होती.

"धावायला पुरे," ती म्हणाली. मग हवेत बोट फिरवून तिने विचारलं, "पश्चिम कुठे आहे?"

सगळ्यांनी कठड्याकडे हात केला.

*

गौर जेवते तशी ती दुसऱ्या दिवशी जेवली. पुरणपोळी पाटावर ठेवून दिली. ती शेवटच्या दोन पावलांवर उकिडवी बसली होती, आणि खराडे तिच्या टाचांवर लक्ष ठेवून पोळी खात होते. तिसऱ्या दिवशी पाठवणी होती.

त्या दिवशी आमच्या गावाने पहिल्यांदाच बातम्या वाईट याव्यात म्हणून वाट पाहिली. गच्चीवर रेडिओ लावला होता. सकाळी आरोग्य क्षेत्रातल्या सहकार्याबद्दल काहीतरी बरं आलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. "असं कसं चालेल?" भाऊ म्हणाले. त्यांनी दिल्लीच्या शांत आवाजाच्या गृहस्थांना स्वतःहून फोन लावला आणि राजदूतांचं काय झालं ते विचारलं. गृहस्थ म्हणाले, "दुपारी बोलावतोय परत. पण तुम्हाला का हवंय?"

"आमच्याकडची पाहुणी निघायची आहे," भाऊ म्हणाले.

"अच्छा," गृहस्थ म्हणाले. "मग भाषा जरा कडकच ठेवायला सांगतो."

मी शिदोरीचा दहीभात कालवला. घरातला सगळ्यात घट्ट झाकणाचा डबा घेतला, कारण उंचावर वारा असणार. बायकांनी इल्झाची ओटी भरली. तिच्या नाचाच्या झग्याला पदर नव्हता, म्हणून थोरल्या बाईंनी कुणाचीशी ओढणी तिच्या कमरेला बांधून त्यात तांदूळ आणि खण घातला. नारळ घालायचं मात्र वजनामुळे रद्द केलं.

"घाबरलीस?" इल्झाने मला विचारलं.

"हो."

"मीही. पण उतरायचं कसं ते आता मला येतं."

"डबा परत दे," मी म्हणाले.

दुपारी निवेदन आलं. भाषा खरंच कडक होती. निवेदक 'अत्यंत खेदजनक' या शब्दांपर्यंत पोचला तेव्हा इल्झा जिन्यापासून धावत सुटली. प्रत्येक पाऊल पावलावर पडलं. कठड्याशी ती उठली, आणि या वेळी ती थांबली नाही. दोन्ही राजधान्यांत मिळून जेवढा ताण होता तेवढी ती वर गेली. पाण्याच्या टाकीवरून, नदीवरून, साखर कारखान्याच्या धुराड्यावरून ती पश्चिमेकडे लहान लहान होत गेली. एका हातात डबा होता, तरी हाताची रेघ मोडली नव्हती.

खराड्यांनी कठड्याशी वाकून शेवटचं पाऊल पाहिलं. "बोट बाहेर नाही," ते म्हणाले आणि टोपी घातली.

बायका खाली गेल्या. भाऊ रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागले. मी गच्चीवरच थांबले. आत्याचा फोन लागत नव्हता. ऊन उतरायला लागलं तेव्हा तो आला. पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता.

"शर्वाणी?" आत्या ओरडून बोलत होती. "निघाले गं मी. सज्जातून घेतली उडी. त्या पोरीने मागून ढकलायला मदत केली. खाली समुद्र आहे, कुठला ते विचारू नको."

"डोळे मिटलेस ना?"

"मिटलेच होते. मग म्हटलं जरा बघावं. अगं, आत्ताच समोरून एक बारकीशी मुलगी गेली. माझ्याकडे बघून मान लववली तिने. आणि तिच्या हातात माझा डबा होता!"

"तुझाच कशावरून?"

"झाकणावर नाव कोरलंय की माझं. लग्नातला आहे तो. परत आणायला सांगितलास ना?"

"सांगितलंय."

"आणि रिकामा आणू नको म्हणावं," आत्या म्हणाली. "बरं, ठेव आता. खाली किनारा दिसतोय. आमटीला फोडणी देऊन ठेव."